तीन नंबरची खाट

रोह्याच्या डॉक्टर दिनानाथांच्या हॉस्पिटलात, बायकांच्या खोलीत, तीन नंबरच्या खाटेवर कुठलीही बाळंतीण टिकत नव्हती. डॉक्टर झोपवायचे आणि नातेवाईक उठवायचे. खांब गावची मनाली, पहिलटकरीण, याच खाटेवरून आतल्या खोलीत गेली आणि मेलेली परत याच खाटेवर आणून ठेवली, तेव्हापासून हे सुरू झालं. पोर वाचलं, ती गेली. आता बाळंतपणात गेलेली बाई जागा सोडत नाही, ओल्या बाळंतिणीला धरते, हे खाडीपासून कोलाडपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या डॉक्टरांना.

शांती सिस्टरनं त्यांना सांगून पाहिलं होतं. "सर, त्या खाटेचा नंबर तरी बदला. नाहीतर ती पुरुषांच्या खोलीत टाका. लोक गुपचूप पेशंट हलवतात, एखाद दिवशी घोटाळा होईल."

डॉक्टर हसले. "सिस्टर, तुम्हीसुद्धा? माझं हॉस्पिटल भुतांना विचारून चालत नाही." झालं, विषय संपला.

आणि त्या हॉस्पिटलात सगळं नंबरावर चालायचं. सकाळी डॉक्टर पुढे, सिस्टर मागे, की तीनला पेनिसिलिन, चारला नुसती मलमपट्टी, पाचला घरी सोडा. माणसाचं नाव कुणी घ्यायचं नाही. घेतलं तर डॉक्टर विचारायचे, "कोण ती? नंबर सांगा." शांतीला हे कधी आवडलं नाही. ती सुई टोचण्याआधी बाईला विचारायची, "नाव काय गो तुझं?" बाई लाजत नाव सांगायची, मग टोचायची. तिची ती सवयच होती.

शांती म्हात्रे पेणच्या पलीकडच्या खाडीकाठची. आईबाप दोघं मिठागरात राबले आणि पोरीला अलिबागला ठेवून नर्सिंग शिकवलं. अख्ख्या हॉस्पिटलात नर्सिंग कौन्सिलला नोंदवलेली नर्स ती एकटीच. बाकी सगळ्या पांढरे कपडे घातलेल्या मुली. डॉक्टरीणबाईंनी त्यांना आठवडाभरात सुई टोचायला शिकवलेलं, की झाल्या सिस्टर! डॉक्टरांनी शांतीचं नोंदणीचं सर्टिफिकेट फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावलं होतं. आल्यागेल्याला दाखवायचे, "आमच्याकडे रजिस्टर्ड नर्स आहे बरं का." पेणहून रोज रोह्याला येऊन-जाऊन तिची कंबर मोडायची, पण त्या फ्रेमकडे नजर गेली की तिलाही जरा बरं वाटायचं, हे खोटं कशाला बोला.

तर एके दिवशी दुपारी तीन नंबरवर नागोठण्याकडची एक बाळंतीण आली. वीस वर्षांची कोवळी पोर. तिच्या आईनं आकडा बघितला मात्र, तिच्या तोंडचं पाणीच पळालं. शेजारी चार नंबरवर खांबच्या गिरजाबाई होत्या, साखरेचा आजार, पायाची जखम चिघळलेली. म्हातारी भारी खमकी.

"एवढा काय घाबरतेस गो? मी जाते तिकडं," ती म्हणाली. "माझी सुकी हाडा धरून हडळीला काय मिळनार हाय?"

दोघींनी हसतखिदळत जागा बदलल्या. कुणाला सांगावं हे त्यांच्या मनातही आलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टर ओरडले असते, म्हणजे न सांगणंच शहाणपणाचं.

डॉक्टर तीन नंबरला पेनिसिलिन लिहून पेणला निघून गेले होते. दुपारनंतर ते पेणच्या आपल्या दुसऱ्या दवाखान्यातच असायचे. आतल्या खोलीत एक बाई अडली होती आणि दिपिका, पांढऱ्या कपड्यातल्या मुलींपैकी एक, "सिस्टर, डोकं दिसतंय, लवकर या," म्हणून बोंबलत होती. शांती पेनिसिलिनची सुई भरून तीन नंबरशी आली. बाई भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून चादर ओढून झोपली होती. एरवी शांतीनं हाक मारली असती, नाव विचारलं असतं. त्या दिवशी नाही विचारलं. चादर जराशी सरकवली, कमरेला टोचलं आणि आत पळाली. कंबर बघूनसुद्धा बाई वीसची की साठची ते कळायला हवं होतं, हे पुढे तिनं स्वतःला हजारदा ऐकवलं. पण डोळे नंबरावर आणि कान आतल्या ओरडण्याकडे, तर काय कळणार कपाळ!

आतलं पोर रडलं आणि बाहेर गिरजाबाईंची घरघर सुरू झाली. ओठ काळेनिळे, अंगभर गांधी उठलेल्या, डोळे पांढरे. शांतीला एका नजरेत सगळं कळलं. या म्हातारीला पेनिसिलिन चालत नाही, मागे एकदा अंग सुजून जीव जायची वेळ आली होती, हे दाखल करताना तिनंच तर खोदून खोदून विचारून घेतलं होतं. मग तिनं काय केलं नाही ते विचारा. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, म्हातारीला हाका मारत, देवाला शिव्या घालत अक्षरशः ओढून परत आणली. जीप बोलावून अलिबागला पाठवली. तिकडे गिरजाबाई दोन-चार दिवसांत उठून बसल्या आणि चहात साखर का नाही म्हणून भांडल्या.

पण जीपमध्ये घालताना गिरजाबाईंचा मुलगा, जितेश, आडवा आला. "सिस्टर, असा कसा झाला? सकाळी तर बरी व्हती."

आणि शांती म्हणाली, "दुसरीचं इंजेक्शन हिला दिलं गेलं. चूक माझी आहे. मी तोंड बघितलं नाही."

तिची नोकरी त्या सुईनं नाही खाल्ली, या वाक्यानं खाल्ली.

"वाचली ना म्हातारी?" दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. "मग? रिअ‍ॅक्शन कुणालाही येते, कशानंही येते. आयतं उत्तर होतं. तुम्हाला तोंड उघडायला सांगितलं कोणी?"

"त्यानं विचारलं, सर."

"विचारणारच तो. त्यानं विचारलं म्हणून तुम्ही सांगायचं?"

खरं बोललं की मन हलकं होतं असं तिला वाटलं होतं. मन हलकं झालं नाही, उलट त्या दिवसापासून बाकीच्या मुली तिच्याशी बोलताना दाराकडे बघायला लागल्या.

जितेशनं खांबला जाऊन सगळं सांगितलं. सांगणारच, सांगायला त्याच्या बापाचं काय जात होतं? आणि खांबलाच मनालीचा नवरा केरू. बायको गेल्यापासून तो तसा मुकाच होता, शेतावर जायचा, यायचा. गिरजाबाईंचं ऐकलं आणि पेटला. "हिला दुसरीची सुई दिली, मंग माझ्या बायकोला काय दिला असंल?" गावातले पुढारी दाजी जीप घेऊन रोह्याला आले. पोलीस, पेपर, ग्राहक कोर्ट असे सगळे शब्द त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर एकेक करून मांडले.

मनालीचं काय झालं ते हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होतं. डॉक्टरांनी कळा वाढवायची बाटली लावली आणि पेणला निघून गेले. राखणीला दिपिका. ही दिपिका डॉक्टरीणबाईंच्या नात्यातली, दहावी नापास. बाटली किती वाहू द्यायची हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. पोर बाहेर आलं, पण आईचं रक्त थांबेना. डॉक्टर परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आणि शांती? शांती त्या दिवशी रोह्यात नव्हतीच. बापाच्या, जनूच्या, वर्षश्राद्धाला माहेरी गेली होती, तिथे पानं वाढत होती.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी तिला पेणच्या दवाखान्यात बोलावलं. बसा म्हणाले. इतक्या वर्षांत कधी बसा म्हणाले नव्हते.

"सिस्टर, तुमची नोकरी गेली, ते आता माझ्या हातात नाही. दाजी ऐकायचे नाहीत. प्रश्न तुमच्या नोंदणीचा आहे. चुकीच्या पेशंटला इंजेक्शन दिलं आणि चार लोकांदेखत कबूल केलं, असं मी कौन्सिलला कळवलं तर नोंदणी राहील असं वाटतं तुम्हाला? मग पुन्हा हे कपडे अंगावर चढणार नाहीत. कुठेच."

"आणि नाही कळवलं तर?"

"तर पेणला, पनवेलला, हवी तिथे नोकरी करा. मी स्वतः शब्द टाकीन."

शांतीनं त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस फुकट काही देत नाही हे तिला पुरेपूर माहीत होतं. "काय करायचं मी?"

"केरू आणि त्याची आई येणार आहेत. त्यांच्यासमोर म्हणायचं, त्या दिवशी ड्युटीवर मी होते, बाटलीकडे माझं लक्ष राहिलं नाही. पाया पडायचं. मी म्हणेन, या बाईंना मी काढून टाकलंय. दाजींशी बोलणं झालंय, पुढे कुठे जाणार नाहीत. त्यांना समोर एक माणूस हवंय, बाकी काही नाही."

"सर, मी त्या दिवशी नव्हते."

"मला माहीत आहे ना. त्यांना नाही."

"सासू होती तिथे. तिनं दिपिकाला बघितलंय. ती ओळखेल."

डॉक्टरांना खरंच हसू आलं. "पांढरे कपडे म्हणजे सिस्टर. कोण शांती आणि कोण दिपिका, त्या लोकांना काय कळतंय?"

"मग दिपिकाच सांगू दे की."

"दिपिका नर्स आहे का? उद्या कुणी विचारलं, नर्स नसलेली मुलगी बाळंतिणीपाशी काय करत होती, तर हॉस्पिटलला कुलूप लागेल. नर्स तुम्ही आहात. तुम्ही विचार करा."

शांतीला भयंकर राग आला. म्हणजे जिच्यापाशी नोंदणी नाही तिची नोंदणी जाणार कशी? जिनं घाम गाळून मिळवली तिचीच जायची. जिची एक चूक निघाली तिच्या डोक्यावर दुसरीची चूक ठेवायला किती सोपं! खुर्ची उचलून त्या टेबलावर घालावी असं तिला वाटलं. प्रत्यक्षात ती "विचार करते, सर" म्हणाली आणि बाहेर पडली. नमस्कारसुद्धा केला वर. सवय, दुसरं काय.

घरी नवरा, पुंडलिक. गणपतीच्या कारखान्यात साच्यांचं काम करायचा. चतुर्थी आली की जेवायला फुरसत नाही आणि चतुर्थी झाली की नुसता बसून. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू बघ काय ते." शांतीला वाटलं, हा निदान ओरडला असता, डॉक्टरला शिव्या घातल्या असत्या, तरी चाललं असतं. तू बघ! मीच बघतेय की आजवर. दहावीतला साहिल आणि पाठची नम्रता आतल्या खोलीत पुस्तकं उघडून ऐकत बसली होती, पान उलटल्याचा आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. आई, ठमाबाई, या वयातही मिठागरावर. पायाच्या टाचा खारानं फाटून फाटून काळ्या पडलेल्या, त्यांवर चिंध्या बांधलेल्या. बांधावरच बसून दोघी बोलल्या.

"गो शांते, तो बोलतो ता बोल नि मोकली हो," आई म्हणाली.

"आये, ती बाय मी नाय मारली."

"मना ठाव हाय. देवाला पन ठाव हाय. आनखी कोनाला सांगायचा हाय तुला?"

"खोटं सांगू? त्या म्हातारीच्या तोंडावर?"

"तिची सून गेली ती गेली. तुझी पोरा उद्या काय खातील? मीठ?" ठमाबाईनं पायावरची चिंधी आवळली. "सर्टिफिकेट कागदाचा हाय म्हनून तुला हलका वाटला काय गो? माझे पाय बघ."

शांतीनं पाय बघितले. लहानपणापासून बघितले होते, पण आईनं कधी बोलून दाखवले नव्हते. कुणीतरी म्हणेल की नको गो, खोटं बोलू नको, नोंदणी गेली तर गेली, म्हणून ती इथवर आली होती. सगळ्या जगात तसं म्हणणारं एकही माणूस निघू नये! आईचा तिला इतका संताप आला आणि आईचं इतकं खरं होतं, की पेणपर्यंत ती गाडीत रडत आली.

ठरलेल्या दिवशी ती रोह्याला गेली. केबिनमध्ये डॉक्टर, दाजी, केरू आणि केरूची आई धोंडुबाई. धोंडुबाईच्या मांडीवर मनालीचं पोर, काजळाची तीट लावलेलं, चांगलं गुटगुटीत. डॉक्टरांनी चहा-बिस्किटं मागवली होती. साखरपुड्याची बोलणी चाललीत असं कुणाला वाटावं.

"बोला बाई," दाजी म्हणाले.

शांती बोलली. त्या दिवशी मी होते. बाटली लावलेली होती, मी दुसऱ्या पेशंटकडे गेले. लक्ष राहिलं नाही. चूक माझी. माफ करा. वाक्यं तिनं गाडीत म्हणून बघितली होती, तशीच आली. 'चूक माझी' म्हणताना मात्र जीभ अडखळली. हेच दोन शब्द ती जितेशला म्हणाली होती आणि तेव्हा ते तिचे स्वतःचे होते.

केरू उठला. त्यानं हात उगारला, तो दाजींनी धरला. मग त्यानं तोंड सोडलं. जे जे बोलला ते ती ऐकत उभी राहिली. तिला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी ती असती तर तिनं मारलंच असतं.

"पाया पडा म्हातारीच्या," दाजी म्हणाले.

शांती वाकली. मनात कुठेतरी तिला वाटत होतं, आता ही म्हातारी ओळखेल. म्हणेल, ही नव्हं, ती दुसरी बारकी पोर होती. मग जे व्हायचं ते होऊ दे. धोंडुबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बराच वेळ बघितलं. डॉक्टरांचा कप बशीवर वाजला.

"मला तोंड नाय आठवत गो कुनाचा," धोंडुबाई म्हणाली. "डोळ्यांना नुसता पानी व्हता. तू व्हतीस काय तिच्यापाशी? शेवटपरत?"

"होते."

"मला भाईर काढलेला. दार लावून घेतलेला. मी दाराला कान लावून बसलेली, पन काय आयकू नाय आला." तिनं पोराला सावरलं. "कुनी काय सांगतच नाय. ह्या केरूला काय ठाव नाय. डॉक्टर सांगतात, तरास नाय झाला. उद्या ह्यो मोठा व्हईल, मला इचारील, तर मी काय सांगू? तू आत व्हतीस तर तूच सांग माझे बाय. शेवटाला काय बोलली ती?"

म्हणजे ही बाई भांडायला आलीच नव्हती. पोलीस, पेपर, पाया पडणं, हा सगळा पुरुषांचा बाजार. ती एवढं विचारायला खांबहून आली होती.

शुद्ध नव्हती तिला, काही बोलली नाही, एवढं म्हटलं असतं तरी निभलं असतं. पण म्हातारी तोंडाकडे बघत होती, उपाशी माणसानं ताटाकडे बघावं तशी, आणि तिला रिकामं पाठवणं शांतीच्यानं होईना. कळा देणाऱ्या बायका तिनं उदंड बघितल्या होत्या. त्या सगळ्या जे म्हणतात तेच ती म्हणाली.

"आई म्हणाली. आई, आई, अशी हाक मारत होती."

धोंडुबाईच्या कपाळाला आठी पडली.

"आई? मला तर ती आत्या म्हनायची."

"आनि तिची आई ती रांगत व्हती तवाच गेली," केरू म्हणाला. "कुनाला आई म्हनंल ती?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दाजींनी बिस्कीट तोंडात तसंच धरलं. शांतीनं डोळे मिटले. सापडले. आणि तिला, तुम्हाला खोटं वाटेल, एकदम सुटल्यासारखं वाटलं. आता सगळं बोलून टाकायचं, एवढ्यात धोंडुबाईचा आवाज आला.

"म्हंजे मला गो. मलाच!" म्हातारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "जितेपनी कधी आई नाय म्हनाली. मी पन लय बोलायची तिला. भाकरी जाड थापतेस, पानी सांडतेस, बापानं काय शिकवला नाय. कधी उलटून बोलली नाय. मला वाटायचा, मनात शाप देत असंल. आनि शेवटाला मला आई म्हनाली. केरू, आयकलास काय रे? मला आई म्हनाली ती."

केरू मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. धोंडुबाईनं शांतीच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "चुका मानसाच्याच हातून व्हतात गो. पन तू तिच्यापाशी व्हतीस, तू आयकलास आनि मला सांगितलास. तुझा भला व्हईल. तुझी पोरा सुखी ऱ्हातील."

शिव्या ऐकताना शांतीच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. हा आशीर्वाद ऐकताना मात्र तिनं पदर डोळ्यांना लावला. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते तिला त्या दिवशी कळलं.

"झालं मग," दाजींनी चहा संपवला. "मोठ्या मनानं घेतलं म्हातारीनं."

मंडळी गेली. डॉक्टरांनी खुर्चीत मागे रेलून लांब श्वास सोडला. भिंतीवरचं सर्टिफिकेट त्यांनी स्वतः काढून तिच्या हातात दिलं. "कौन्सिलला काही जाणार नाही. मी शब्दाचा पक्का आहे." आणि खरंच होता, ते मात्र कबूल करायला हवं. मग म्हणाले, "सिस्टर, ते आईचं बरं सुचलं हो तुम्हाला! केरू एकदम मऊ झाला. नाहीतर तो ऐकणाऱ्यातला नव्हता."

असं शाबासकीच्या आवाजात म्हणाले. अवघड बाळंतपण पार पाडल्यावर म्हणायचे, तसंच.

शांती फ्रेम पदराखाली घेऊन बाहेर पडली आणि रस्त्याला लागल्यावर पळायला लागली. तिचं ठरलं होतं. डॉक्टरांचं ते वाक्य कानात घेऊन जन्म काढायचा नाही. नोंदणी जाऊ दे, आई बोलू दे, पोरं काय खायची ती खातील. म्हातारीला गाठायचं आणि सांगायचं, मी नव्हते, मी काही ऐकलं नाही, जी होती तिचं नाव दिपिका आणि ज्यानं तिला ठेवली तो आत बसून चहा पितोय. एस.टी. स्टँडवर खांबला जाणारी गाडी उभी होती, इंजिन चालू. केरू मागे गर्दीत कुठेतरी उभा. धोंडुबाई खिडकीशी बसली होती, मांडीवर पोर, आणि आजूबाजूच्या चार बायका तिच्याकडे वळून, तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"आई म्हनाली गो मला. शेवटचा शब्द तोच," धोंडुबाई सांगत होती. रडून रडून तोंड सुजलेलं, पण असं उजळलेलं की शांतीला वर बघवेना. तिनं खिडकीचा गज धरला.

"आजी."

धोंडुबाईनं खाली बघितलं. "अगो, हीच ती! हिच्या मांडीवर गेली माझी मनाली." बायका शांतीकडे बघायला लागल्या. एकीनं तर हात जोडले. कंडक्टरनं घंटी मारली. धोंडुबाईनं घाईघाईनं हात बाहेर काढून शांतीचं मनगट पकडलं. "पळत आलीस गो? काय आठवला काय आनखी? आजून काय बोलली व्हती काय ती?"

गाडी हलली. शांती गज धरून दोन पावलं बरोबर चालली.

"नाय आजी," ती म्हणाली. "तेवढंच."